बर्फावरचा पाक

नाशिकहून मावसभाऊ फोनवर तावातावाने बोलत होता. डाळीच्या पाकिटावर 'तडका' छापलंय, खानावळीत 'सब्जी कोणती देऊ' म्हणून विचारतात, आपल्याच घरातल्या मुली फोडणीला तडका म्हणू लागल्यात. पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय सरकारने 2025च्या जूनमध्ये मागे घेतले खरे, पण स्वयंपाकघरात शिरलेली हिंदी कोण मागे घेणार? "तुमच्या क्युबेकसारखा कडक कायदा हवा," तो म्हणाला.

मी मॉन्ट्रियलला राहते, कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतात. फ्रेंच जपणाऱ्या त्या कायद्यामुळेच माझी मुलगी फ्रेंच शाळेत जाते. 1977 साली तो झाला नसता तर आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची बहुतेक पोरं इंग्रजीकडेच वळली असती, हे मला मनापासून पटतं. दुकानाची पाटी, शाळा, कचेरी इथे कायदा लागतोच. ताटापाशी मात्र त्याचं फारसं चालत नाही. 2013मध्ये इथल्या भाषा कार्यालयाने एका इटालियन रेस्तराँला मेनूवरच्या 'पास्ता' या शब्दावरून पत्र धाडलं. जगभर हसू झालं, आणि अतिउत्साह झाला अशी कबुली कार्यालयाला द्यावी लागली. उलट मक्याला इथली माणसं आजही 'ब्ले दँद' म्हणतात, म्हणजे हिंदचा गहू. फ्रान्समध्ये 'माईस' म्हणतात, तरी यांनी आपला शब्द सोडलेला नाही, कारण तो घरात आजी-आजोबांच्या तोंडी होता.

बटाटा, पाव, काजू ही नावं पोर्तुगीजांकडून आली आणि मराठी झाली. तडकाही आला तर येऊ दे. मला घोर लागलाय तो वेगळ्याच शब्दांचा.

मार्चमध्ये आम्ही एका शुगर शॅकवर, म्हणजे मेपलचा रस आटवतात त्या जागी, गेलो होतो. मेपलचा चाळीसेक लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप निघतं. तेच आणखी आटवून स्वच्छ बर्फावर ओततात आणि काडीला गुंडाळून खातात. कढईपाशी एक आजोबा उभे होते. थर्मामीटर खिशातच. थेंबभर पाक त्यांनी गार पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी गोळा केला, मला दाखवला आणि म्हणाले, "बुले."

मला गहिवरून आलं. तिळाच्या लाडवांच्या वेळी आई अगदी हेच करते. वाटीत थेंब, बोटांत गोळी, "झाला गं, गोळीबंद झाला." फ्रेंच मिठाईवाल्यांकडे 'फिले' म्हणजे तार आलेला पाक, 'बुले' म्हणजे गोळी होणारा, 'कासे' म्हणजे मोडणारा. आपल्याकडे एकतारी, दोनतारी, गोळीबंद. दोन्ही भाषांनी पाक बोटांनी मोजला आणि नावं दिली. त्यांनी मात्र ती अभ्यासक्रमात घेतली. मिठाईचं शिक्षण घेणारी इथली पोरं ते टप्पे पाठ करतात. आपण ती आईच्या तोंडी ठेवली आणि आता पाककृतीत 'मध्यम आचेवर पाच मिनिटं' एवढंच लिहितो.

पुरण कधी झालं? उलथनं त्यात उभं राहिलं की. रस्सा? तेलाचा तवंग वर आला की. रवा खमंग भाजायचा, कांदा नुसता परतायचा, दूध आटवायचं, तूप कढवायचं, साय विरजायची, भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. या एकेका क्रियापदात हात, वेळ आणि वास आहे. 'कुक करा', 'मिक्स करा' म्हटलं की शिकवण्यासारखं काही उरतच नाही. मावसभावाला मी हेच म्हटलं: पाकिटावरचा तडका सोड, तुझ्या मुलीला परतणं आणि भाजणं यांतला फरक कढईपाशी उभं करून दाखव. शाळेच्या पुस्तकात तिळाच्या लाडवाची कृती द्या आणि त्यात गोळीबंद हा शब्द असू द्या. एवढी मागणी सरकारकडे जरूर करू.

मी एक वही केली आहे. रविवारी आईला फोन लावते आणि शब्द उतरवून घेते. परवा विचारलं, "आई, चिक्कीच्या पाकाला काय म्हणायचं? पाण्यात टाकला की टणक होतो, वाटीवर आपटला की वाजतो, तो?"

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, तुझी आजी काहीतरी म्हणायची. छान शब्द होता. आठवतच नाही बघ."

वहीत ती ओळ मी कोरी ठेवली आहे.