'क्रॅशच तर होतो' म्हणणाऱ्यांना उत्तर

रेडियस सर्व्हर म्हणजे वाय-फाय किंवा नेटवर्कला जोडू पाहणाऱ्याची ओळख तपासणारा सर्व्हर. त्याच्याबद्दल नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या गटांत एक मजकूर अधूनमधून फिरतो: 'रेडियस सर्व्हर बंद पाडणाऱ्या त्रुटींचा बाऊ करू नका. सर्व्हर आतल्या नेटवर्कमध्ये असतो, शेअर्ड सिक्रेटशिवाय (उपकरण आणि सर्व्हर दोघांनाच ठाऊक असलेल्या गुपित शब्दाशिवाय) त्याच्याशी कुणी बोलू शकत नाही, जोडीला दुसरा सर्व्हर असतोच. आणि पासवर्ड थोडाच फुटतो? रीस्टार्ट करा, विषय संपला.'

सर्व्हर आत असतो, हे खरं. पण अजून ओळख न पटलेल्याचं ऐकून घेणं हेच तर त्याचं काम! वाय-फायला जोडू पाहणाऱ्या फोनचा ईएपी संदेश (ओळख पटवण्याच्या संभाषणातला संदेश) ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुरवणारं उपकरण, स्वतः तपासत बसत नाही, रेडियसच्या पॅकेटात घालून सर्व्हरकडे पाठवतो. फ्रीरेडियस या रेडियस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरच्या २.१.१० ते २.१.१२ या आवृत्त्यांत २०१२ साली उघड झालेली त्रुटी पाहा. क्लायंट सर्टिफिकेटमध्ये (जोडू पाहणाऱ्याच्या डिजिटल ओळखपत्रात) मुदत संपण्याची तारीख अवाच्या सवा लांब लिहिली की स्टॅकवरचा बफर, म्हणजे मेमरीतली ठरावीक मापाची जागा, ओसंडायचा. हल्लेखोराला वाय-फायच्या टप्प्यात उभं राहणं पुरे होतं. शेअर्ड सिक्रेट ॲक्सेस पॉइंटकडे होतंच. शिवाय असा बफर ओसंडला की सर्व्हर नुसता कोसळेल, की हल्लेखोराचा कोड चालवेल, याची खात्री कोण देणार?

आता सिक्रेटबद्दल. रेडियसचे नियम ठरवणाऱ्या २००० सालच्या आरएफसी २८६५ नुसार ॲक्सेस-रिक्वेस्टमधला (प्रवेशाच्या विनंतीतला) ऑथेंटिकेटर म्हणजे नुसते १६ यादृच्छिक बाइट. त्यावरून पाठवणारा खरा की खोटा हे कळत नाही. मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे सिक्रेट वापरून पॅकेटावर केलेली सही, सक्तीचा केला नसेल तर सर्व्हर फक्त आयपी पत्ता बघतो, आणि रेडियसची पॅकेटं ज्या यूडीपी पद्धतीने जातात तिच्यात तो खोटा घालता येतो. सक्तीचा केला तरी तो शोधायला आधी पॅकेट वाचावंच लागतं.

या वाचण्यातच घोळ होतात. २००३ मध्ये फ्रीरेडियसला टनेल-पासवर्ड हे ॲट्रिब्यूट (पॅकेटातला माहितीचा एक रकाना) आखूड करून पाठवलं की लांबीचा हिशोब उणे एकवर जायचा, आणि तो प्रचंड मोठा आकडा समजून तेवढी मेमरी कॉपी करायला निघालेला सर्व्हर आडवा व्हायचा. दुरुस्ती झाली. २००९ मध्ये जवळपास तीच चूक १.१.८ च्या आधीच्या आवृत्त्यांत पुन्हा सापडली!

दुसऱ्या सर्व्हरचा आधार मला सगळ्यात फसवा वाटतो. डिस्क गेली, वीज गेली, तर तो उपयोगी. पण विषारी पॅकेटाने पहिला कोसळला की उत्तर न मिळालेला स्विच (नेटवर्कची उपकरणं जोडणारा) तीच विनंती इमानेइतबारे दुसऱ्याकडे पाठवतो. दोन्हीकडे एकच आवृत्ती असते, म्हणजे दुसऱ्याला पाडायचं काम आपलंच उपकरण करतं. रीस्टार्टचीही हीच गत: मेमरीतली अर्धवट ईएपी संभाषणं पुसली जातात, सगळे क्लायंट एकदम पहिल्यापासून सुरू करतात, आणि हल्लेखोराला तेच पॅकेट पुन्हा पाठवायला कष्ट पडत नाहीत.

नुसत्या कोसळण्याने पासवर्ड फुटत नाही, कबूल. मात्र रेडियस मेला की पोर्ट आपोआप 'क्रिटिकल व्हीलॅन'मध्ये, म्हणजे ओळख न तपासता प्रवेश देणाऱ्या नेटवर्कच्या भागात, टाकायची सोय अनेक स्विचमध्ये असते, आणि ती कामं अडू नयेत म्हणून सढळ हाताने वापरली जाते. तिथे सर्व्हर पाडणं म्हणजेच आत शिरणं.

एवढं मान्य, की प्रत्येक त्रुटीसाठी मध्यरात्री उठायला नको. २०१७ मध्ये फझिंगमधून (मुद्दाम वेडावाकडा डेटा पाठवून केलेल्या चाचणीतून) फ्रीरेडियसच्या ज्या त्रुटी निघाल्या, त्यांतल्या काही डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना आयपी पत्ते वाटणाऱ्या, भागात होत्या. तो भाग चालूच नसेल तर पॅच सवडीने लावा. ईएपी किंवा ॲट्रिब्यूट वाचणाऱ्या कोडमधली असेल तर आजच, आणि दोन्ही सर्व्हरवर.