शेवटच्या दिवसाचा अर्धा तास

राजगडावरून तोरण्यामार्गे पायी रायगड गाठलेली माणसे संजीवनी माचीविषयी, बुधला माचीवरच्या वाऱ्याविषयी आणि मोहरी गावाच्या पुढे अचानक समोर येणाऱ्या लिंगाण्याच्या सुळक्याविषयी मनसोक्त बोलतात. शेवटच्या दिवसाविषयी मात्र ‘आणि मग रायगडावर पोहोचलो’ एवढेच सांगून चहा मागवतात. या त्रोटकपणाचे कारण मला बोराट्याच्या नाळेत कळले.

घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या या अरुंद घळीतून पावसाळ्यात पाणी उतरते आणि उरलेले वर्षभर, त्या पाण्याने आणून टाकलेल्या धोंड्यांवरून, माणसे उतरतात. चढताना निदान दम लागतो, त्यामुळे थांबायला प्रतिष्ठित कारण मिळते. उतरताना मांड्यांना पावलागणिक ब्रेकचे काम करावे लागते आणि अंगठ्याची नखे बुटाच्या टोकावर आपटत राहतात. त्यात पाठीवरची सॅक. तिच्यातले खाण्याजोगे सारे मधल्या मुक्कामांत संपलेले असते; उरतात ते ओले कपडे, काजळी धरलेला टोप आणि ‘असू देत, लागतील’ म्हणून घेतलेले कांदे.

आमच्या म्होरक्याकडे अंतर सांगण्याचे एकच माप होते. नाळ संपायला अर्धा तास, लिंगाण्याच्या माचीवरून पाने गावात पोहोचायला अर्धा तास, काळ नदी ओलांडून पलीकडे जायलाही अर्धाच तास. अखेर पाने गावातल्या एका आजोबांना विचारले, तेव्हा त्यांनी हनुवटी किंचित उचलून “ह्यो काय, समोर तर दिसतोय,” असा दिलासा दिला. रायगड समोर होता यात शंका नव्हती. तो सकाळी रायलिंगच्या पठारावरूनही समोरच होता.

हिरकणीवाडीतून 1996 पासून रोपवे चालतो आणि तो काही मिनिटांत माणसाला गडावर नेऊन सोडतो. परंतु महाराजांच्या राजधानीत पायीच शिरायचे, असा ठराव आम्ही राजगडावर, पोटे भरलेली असताना, एकमताने मंजूर केला होता. आता तो रद्द व्हावा असे प्रत्येकाला वाटत होते आणि तशी सूचना मांडण्याची लाजही प्रत्येकाला वाटत होती. परिणामी चित्त दरवाजापासून चौदाशेहून अधिक पायऱ्या आम्ही निव्वळ एकमेकांच्या भिडेपोटी चढलो. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड अशा कौशल्याने दडवला आहे की शत्रूला तो अगदी जवळ येईपर्यंत दिसू नये. आम्ही शत्रू नव्हतो, तरीही तो दिसेना.

बाजारपेठेजवळ आम्ही सॅक टेकवून बसलो, तेव्हा रोपवेने आलेले एक कुटुंब कडक इस्त्रीच्या कपड्यांत समोर उभे राहिले. त्यातल्या काकांनी चौकशी केली. हीच ती घडी, हे ओळखून म्होरक्याने घसा साफ केला आणि राजगड, तोरणा, हारपूड, मोहरी, बोराट्याची नाळ अशी सारी नावे सावकाश, प्रत्येक नावानंतर योग्य तेवढे थांबून उच्चारली.

काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली. “मग गाडी कुठे लावलीत?”

“गाडी नाही, काका. एसटीने गुंजवण्यात उतरलो, तिथून चालत.”

काकूंच्या चेहऱ्यावर अपार करुणा दाटून आली आणि त्यांनी पिशवीतून चिवड्याचा पुडा काढून आमच्यापुढे धरला. हा गैरसमज दूर करणे आवश्यक होते, याबद्दल पुढे आमच्यात दुमत झाले नाही. मात्र त्या चर्चेला सुरुवात झाली तेव्हा पुडा रिकामा होता.