हॉलीच्या काट्यांवरून नर-मादी ठरत नाही

अमेरिकेत घरापुढे बारमाही हिरवं कुंपण हवं असणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपवर हॉली या सदाहरित झुडपाबद्दल एक सल्ला फिरतो आहे: चकचकीत काटेरी पान म्हणजे हॉली, काटेरी झाड नर, बिनकाट्याचं मादी, लाल फळांसाठी मादीचं एकच रोप पुरे, फळं आली नाहीत तर खत वाढवा. हे वाचून रोप घेणाऱ्यांचे पैसे आणि दोन-तीन हंगाम वाया जातात, म्हणून हे लिहितोय.

काटेरी पान ऑस्मँथस नावाच्या दुसऱ्या झुडपाच्या एका जातीलाही असतं, आणि ती नर्सरीत बरेचदा हॉलीशेजारीच ठेवलेली असते. उलट जपानी हॉलीला काटे नसतातच. तिची पानं इतकी बारीक की लोक तिला बॉक्सवूड हे कुंपणाचं दुसरंच झुडूप समजतात, आणि तिची फळंही काळी. काटे सोडा, डहाळी बघा. हॉलीची पानं एकाआड एक येतात; ऑस्मँथस आणि बॉक्सवूडची समोरासमोर, जोडीने.

नर-मादीचा मुद्दा सगळ्यात घातक. हॉलीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, एवढं खरं. पण काट्यांचा त्याच्याशी संबंध नाही. इंग्लिश हॉलीच्या एकाच झाडावर खालची पानं काटेरी आणि शेंड्याकडची गुळगुळीत सापडतात. स्पेनमध्ये कार्लोस हेरेरा आणि पिलार बासागा या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा जनावरांनी पाला खाल्लेल्या झाडांवर काटेरी पानं जास्त दिसली. 'ब्लू प्रिन्सेस' ही हॉलीची जात घ्या: पानं काटेरी, झाड मादी, आणि फळांनी लगडलेलं. खरी ओळख फुलात. वसंतात पांढरं, चार पाकळ्यांचं इवलंसं फूल येतं. मधोमध हिरवा, वाटाण्यासारखा गोल अंडाशय असेल तर मादी. तो नसेल आणि केसरांवर पिवळे पराग असतील तर नर. बोट लावा, पराग बोटाला लागतात.

एक रोप पुरतं का? 'बर्फर्ड' आणि 'नेली स्टीव्हन्स' या हॉलीच्या जाती परागाशिवायही फळं धरतात. बाकी बहुतेक जातींना जवळपास नर हवा, आणि त्याचा बहर त्याच वेळी यायला हवा. म्हणून 'ब्लू प्रिन्सेस'सोबत 'ब्लू प्रिन्स' लावतात. दोन्ही न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर कॅथलीन मेझर्व्ह यांनी केलेल्या संकरांतले; या संकरांना ब्लू हॉली म्हणतात. एक नर तीन-चार माद्यांना सहज पुरतो, मधमाश्या मात्र फिरकल्या पाहिजेत. बहराच्या दिवसांत कीटकनाशक मारू नका.

खताचं म्हणाल तर नत्र वाढवलं की पालाच माजतो. फळं न येण्यामागे बहुधा नराचा अभाव, बहरात पडलेली कडाक्याची थंडी किंवा कात्री असते. इंग्लिश आणि ब्लू हॉलीला फुलं गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात. कुंपण सारखं करायला ती फांदी कापली की त्या वर्षीची फळंही गेली. पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर आधी मातीचा सामू (pH) तपासा. हॉलीला किंचित आम्ल, निचऱ्याची जमीन लागते. चुनखडीच्या मातीत तिला लोह मिळत नाही.

आणि लहान मुलं किंवा कुत्रा घरात असेल तर फळांचं झाड वाटेपासून दूर लावा. ती लाल फळं पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात.