"मॅगझीन वाकवायचे २,८०० रुपये" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब. रिव्ह्यू वाचला. शूटिंग रेंजवर सगळ्यांच्या देखत तुमचं वेब्ली, म्हणजे जुनं इंग्रजी पिस्तूल अडकलं, तुम्हाला ओशाळं व्हावं लागलं, त्याबद्दल सॉरी. फोन उचलला गेला नाही त्याबद्दल पण सॉरी, दुकानात आम्ही दोघंच असतो आणि समोर कुणी हत्यार घेऊन उभं असलं की मी फोनला हात लावत नाही.

आता तुम्ही लिहिलंय, "आजोबांचं वेब्ली तीन आठवडे ठेवून घेतलं, नुसतं पुसलं, पकडीने मॅगझीन वाकवलं, २,८०० रुपये घेतले, रेंजवर परत गोळी अडकली, वर मालक उद्धट." तीन आठवड्यांचं मी काही बोलत नाही, लागले तेवढे. उद्धटाचं म्हणाल तर मी तुमच्या पुतण्याला "म्हातारं झालंय पण खानदानी आहे" असं म्हणालो होतो, त्यातलं पहिलंच तुमच्यापर्यंत पोचलेलं दिसतंय. याच मॉडेलची पिस्तुलं १९११ साली लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी घेतली होती, त्याला मी कशाला नावं ठेवू. पण "वाकवायचे पैसे" हे जे लिहिलंय ना ते लागलं मला, कारण तेच आता चार लोक वाचणार आणि म्हणणार बघा, पकड फिरवायचे २,८०० घेतो हा माणूस.

वाकवायला दहा सेकंद लागतात, मान्य. कुठं आणि किती, ते कळायला वेळ जातो. मॅगझीन म्हणजे गोळ्या भरायचा पत्र्याचा डबा, त्याच्या तोंडाशी ज्या दोन पत्र्याच्या कडा आत वळलेल्या असतात त्यांनी वरची गोळी धरून ठेवायची असते, आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागंपुढं सरकणारा भाग, पुढं जाताना बरोबर वेळेला सोडायची असते. कडा फाकल्या की गोळी आधीच सुटते आणि टोक चेंबरच्या, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागेच्या, वरच्या काठावर आपटतं, जास्त आवळल्या तर सुटतच नाही, आणि एकच बाजू फाकली असेल तर टोक तिरकं जातं. तुमच्यात डावी बाजू फाकलेली होती. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा, डोळ्याने दिसत नाही, डमी काडतुसं भरून स्लाइड परत परत सोडून बघावी लागते, थोडं दाबा, परत भरा, परत बघा. जास्त दाबून परत फाकवायला गेलं की जुना पत्रा तडकतो आणि मग तुमच्या आजोबांचं ओरिजिनल मॅगझीन गेलं कायमचं.

पुतण्याला मी पहिला प्रश्न विचारला होता की कितवी गोळी अडकते. उगाच नाही विचारत. भरल्या भरल्या पहिल्याच गोळ्या अडकत असतील तर बहुतेक कडांचं नाहीतर आतल्या घासण्याचं दुखणं असतं, शेवटच्या दोनतीन अडकत असतील तर मॅगझीनची स्प्रिंग थकलेली असते, गोळी वेळेत वर येत नाही. तो म्हणाला "कधीपण अडकते". झालं, म्हणजे दोन्ही बघणं आलं, आणि निघालं पण दोन्ही. ती स्प्रिंग आमच्या मिस्त्रींनी नवीन तार वळवून केली, विकत मिळत नाही ती. ऐंशीच्या दशकात बाहेरच्या हत्यारांची आयात बंद झाली तेव्हापासून असल्या जुन्या पिस्तुलांचा सुटा पार्ट म्हणजे हाताने करा नाहीतर भंगार हत्यारातून काढा. म्हणून तर उजव्या ग्रिपखाली जी इंग्रजी व्ही आकाराची रिकॉइल स्प्रिंग आहे, स्लाइडला पुढं ढकलते ती, ती आम्ही उघडून बघितली, चांगली होती, परत झाकली. उगाच बदलली असती तर बिल वाढलं असतं की, पण नाही केलं.

आणि "नुसतं पुसलं" म्हणाल तर चेंबरमध्ये हिरवट गंजाचं कडं धरलं होतं, आत शिलाई मशीनचं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. २०१९ च्या पुरात बुडालेली हत्यारं आमच्याकडं पोत्यात घालून आली होती, ती पण इतकी चिकट नव्हती! कुणीतरी पूर्वी रॅम्पवर, म्हणजे गोळी ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढते तिथं, पॉलिश पेपर मारलेला आहे, ते आम्ही केलेलं नाही आणि आम्ही कधी करत पण नाही. घासून गेलेलं लोखंड परत येत नाही.

आता मुद्द्याचं. रिव्ह्यूसोबत तुम्ही स्वतःच फोटो टाकलाय, अडकलेली गोळी आणि शेजारी टेबलावर मॅगझीन. साहेब, ते मॅगझीन आम्ही दुरुस्त केलेलं नाहीच! बुडाला पितळेचा झाळ दिलेला स्पष्ट दिसतोय, ते तुमचं दुसरं, इथंच कुणाकडून तरी करून घेतलेलं. पुतण्या घ्यायला आला, तुमची चिठ्ठी घेऊन, तेव्हा दोन्ही मॅगझीन काउंटरवर वेगळी ठेवून त्याला सांगितलं होतं की हे वापरा, हे वापरू नका, पिशवी पण वेगळी दिली. आता घरी काय सांगितलं त्याने ते मला कसं कळणार.

ते का वापरायचं नाही ते पण सांगतो, म्हणजे परत कुणी म्हणायला नको की कारण दिलं नाही. पिस्तुलाच्या ३२ बोर काडतुसाची मागची कड पुंगळीपेक्षा, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळीपेक्षा, थोडी बाहेर असते, पुंगळी साधारण साडेआठ मिलिमीटर आणि कड नऊच्या जरा वर. म्हणून भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढंच बसायला लागते. वरची मागं सरकून खालचीच्या मागं अडकली की स्लाइडने कितीही जोर लावू दे, गोळी हलत नाही. ओरिजिनल मॅगझीनमध्ये गोळीला मागंपुढं सरकायला जागाच ठेवलेली नसते. तुमच्या त्या दुसऱ्याचा डबा आतून थोडा लांब आहे, एक झटका बसला की गोळ्या सरकतात. ते दुरुस्त होत नाही, कडा कितीही वाकवा. तरी तुम्ही रेंजवर तेच लावलं आणि स्टार आमचा गेला.

काहीजण विचारतील तुम्ही स्वतः उडवून का नाही बघितलं. दुकानामागं बोळात गोळी उडवता येत नाही हो, आणि काडतुसं तुमच्या लायसन्सच्या कोट्यातली असतात. म्हणून बाकावर डमी, आणि खरी टेस्ट रेंजवर तुमच्याच हाताने. हे मी आधीच सांगतो, प्रत्येकाला सांगतो.

खरं सांगू का, या धंद्यात आता काही राहिलेलं नाही. २०१९ ला कायदा बदलला, एका माणसाला तीनाची दोन हत्यारं झाली, नवीन लायसन्स तर विचारूच नका. नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकला मेडल मिळालं तेव्हापासून पोरं एअर रायफल बघायला येतात, फोटो काढतात, जातात. राहिली ती दुरुस्ती, आणि दुरुस्ती लोकांच्या विश्वासावर चालते, जाहिरात आम्ही करत नाही. म्हणून एवढं लांबलचक लिहिलं, राग मानू नका. मी पण मानत नाहीये.

इथून पुढं पावतीवर काय काय काम केलं ते सविस्तर लिहून देऊ, फोनचं पण काहीतरी बघतो. तुमचं हत्यार परत बघून द्यायचे पैसे घेणार नाही. एकदा स्वतः या, पुतण्याला पाठवू नका. दोन्ही मॅगझीन रिकामी करून आणा, चेंबर उघडून बघून मगच घरातून निघा, आणि लायसन्स मूळ आणा, झेरॉक्सवर मी रजिस्टरला नोंद करत नाही. काडतुसांच्या डबीवरचं पण बघून घ्या, लायसन्सवर नुसतं ३२ बोर असतं आणि रिव्हॉल्वरचं ३२ चं काडतूस वेगळं, त्याची पुंगळी २३ मिलिमीटर, आपल्याला १७ वालं लागतं. मंगळवारी दुकान बंद असतं. आणि आम्ही दुरुस्त केलेल्या मॅगझीनने आठच्या आठ गोळ्या नीट गेल्या तर त्या एका स्टारचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.