‘पोटाला हवा लागली की कॅन्सर पसरतो’ : खुलासा

कोल्हापुरात तालमींच्या आणि भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सीटी स्कॅन झाल्यावरही पोटात दुर्बीण घालायला सांगितली तर समजा बिल वाढवायचा धंदा, शिवाय हवा लागली की कॅन्सर पसरतो.’ यातलं दुसरं खोटं आहे, पहिलं अर्धवट.

जठराचा कॅन्सर पोटाच्या पोकळीच्या आतल्या अस्तरावर साबुदाण्याहून बारीक ठिपक्यांनी पसरलेला असू शकतो. सीटीत हे ठिपके बऱ्याचदा दिसतच नाहीत. म्हणून दुर्बिणीची तपासणी, म्हणजे लॅपरोस्कोपी करतात: पूर्ण भूल देऊन बेंबीजवळ साधारण 1 सेंटीमीटरचा छेद घेतात, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात आणि यकृत, अस्तर, चरबीचा पडदा कॅमेऱ्याने बघतात. शंका आली तिथला तुकडा काढतात. सलाईनने पोट धुऊन ते पाणीही तपासायला जातं. त्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या तर ठिपका न दिसताही आजार चौथ्या टप्प्यातला धरतात. मग बहुतेक वेळा जठर काढायच्या ऑपरेशनऐवजी आधी केमोथेरपी सुरू होते. पोट उघडून तसंच शिवायची वेळ टळते, हे मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळलंय.

छेदाच्या जागी कॅन्सरची गाठ येऊ शकते, पण क्वचित. हवेचा त्याच्याशी संबंध नाही.

बिलाचं म्हणाल तर ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. अगदी सुरुवातीच्या जठराच्या कॅन्सरला नको, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला सरसकट करत नाहीत, स्वादुपिंडाच्या निवडक रुग्णांनाच करतात. सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा नाहीतर खासगीत, ‘डॉक्टर, यानं उपचार बदलणार का?’ हे बिनधास्त विचारा.