राग चोरले म्हणता, पण कोणते?

नागपूरच्या गाण्यावाल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. म्हणणं असं, की ग्लास, केज, मेसियाँ या पाश्चात्त्य संगीतकारांनी आपले राग चोरले, आपलं तत्त्वज्ञान स्वतःच्या नावावर खपवलं, आणि आपल्यातल्या एकानेही त्या वाटेने काही केलं नाही. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच.

आधी राग. पुरावा दिलाय फिलिप ग्लासच्या 'सत्याग्रह' (१९८०) या गांधींवरच्या ऑपेराच्या शेवटाचा: 'गांधी चक्क भैरवी गातात'. ऐकून तर पाहा! गायक एकच आरोह पुन्हा पुन्हा चढतो. रे, ग, ध, नी कोमल, म्हणजे स्वर भैरवीचेच. पण वर पोचला की पुन्हा खालून सुरुवात. ना अवरोह, ना मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), ना कुठे रेंगाळणं. देशपांडे सभागृहात भैरवी लागली की पार्किंगकडे पळणारी मंडळीसुद्धा सांगतील, ही भैरवी नव्हे. या स्वरपंक्तीला युरोपात फ्रिजियन म्हणतात आणि तिकडे ती जुनीच आहे. साथीला तंतुवाद्यं, बासरी-क्लॅरिनेटसारखी वाद्यं आणि ऑर्गन. तबला सोडा, साधा ड्रमही नाही.

ग्लासने घेतलं ते लयीचं अंग. साठच्या दशकात पॅरिसमध्ये रविशंकरांचं चित्रपटसंगीत नोटेशनमध्ये उतरवताना, तबलावादक अल्लारखांच्या सहवासात, छोट्या तुकड्यांची बेरीज करत लय कशी बांधायची हे त्याला उमगलं. आणि ऑपेराचे शब्द थेट गीतेचे, तेही संस्कृतातच. शेवटी 'बहूनि मे व्यतीतानि'पासूनचा चौथा अध्याय आहे. चोर मालावर मूळ मालकाची पाटी लावून बसत नाही, राजेहो.

तत्त्वज्ञान 'खपवल्याचं' म्हणाल, तर जॉन केजने तरी काय लपवलं? भारतीय संगीतकार गीता साराभाईंकडून तो भारतीय संगीत समजून घेत होता, बदल्यात त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवत होता, आणि हे त्याने स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितलं. 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' (१९४६-४८) मध्ये रससिद्धान्त (शृंगार, वीर, करुण अशा रसांचा भारतीय विचार) आहे, तो कलाअभ्यासक आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून आलेला. पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबराचे तुकडे अडकवून वाजवलेला! त्यात राग शोधणाऱ्याला शुभेच्छा.

मेसियाँ तर पक्का कॅथलिक, त्याला आपल्या तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नव्हतं. त्याने घेतले ते शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तले देशी ताल. ग्रंथ तेराव्या शतकातला, आपल्याच देवगिरीच्या यादवांकडचा. इथे एक तक्रार मात्र रास्त आहे: ते ताल त्याला एका फ्रेंच कोशातल्या यादीत सापडले. त्यामुळे मात्रांचे आकडे आले; आवर्तन (तालाचा फिरून येणारा फेरा) आणि सम (त्याची पहिली मात्रा) मागेच राहिली. मेसेजात नेमकं हेच नाही.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ नको. पंजाबात जन्मलेले नरेश सोहल १९६२ साली लंडनला गेले आणि वाद्यवृंदासाठी लिहीत राहिले. विश्वाच्या उत्पत्तीवरची त्यांची 'द कॉस्मिक डान्स' ही रचना २०१३ च्या बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या संगीतमहोत्सवात वाजली. 'एकानेही नाही' लिहिण्याआधी एवढं तर शोधता आलं असतं.