लॅबला इंटरनेट का नव्हतं

नमस्कार. सांगलीतल्या माहिती सुरक्षा परिषदेवर तुमचे तीन आक्षेप आहेत: लॅबमध्ये (हॅकिंगच्या सरावाच्या हॉलमध्ये) इंटरनेट दिलं नाही, पोरांना चोरीचे धडे दिले, आणि पुण्या-मुंबईचं एकही मोठं नाव बोलावलं नाही.

इंटरनेट मुद्दामच दिलं नव्हतं. राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरच्या इंटरनेटची केबल लावायची जागा) रिकामा असला की आयपी पत्त्यात एक आकडा चुकला तरी स्कॅन (समोरच्या संगणकात शिरायच्या वाटा चाचपणं) हॉलबाहेर जात नाही. एरवी तोच स्कॅन कुणाच्या तरी चालू सर्व्हरवर आदळला असता. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये बसतं. त्यात अप्रामाणिक हेतू असेल तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लॅब सुरू करण्याआधी हे पोरांना सांगितलं जातं. त्यामुळे 'चोरीचे धडे' हा आरोप मला मुळीच मान्य नाही.

बंद नेटवर्क उभं करायला उलट जास्त राबावं लागतं. ज्यूस शॉप म्हणजे सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाइट. तिची डॉकर इमेज (लगेच चालवता येईल असं तयार पॅकेज) आधी उतरवून, 'डॉकर सेव्ह'ने फाइल करून, पेनड्राइव्हवरून सर्व्हरवर लोड करावी लागते. सगळ्यांना मिळून एकच ज्यूस शॉप दिलं तर कुणीतरी ॲडमिनचा पासवर्ड बदलतो आणि बाकीचे अडकतात. म्हणून दोघांत एक कंटेनर (त्या इमेजची वेगळी चालू प्रत), पोर्ट 3001, 3002 असे पुढे. वाय-फायवर क्लायंट आयसोलेशन चालू आणि सर्व्हर केबलवर, म्हणजे सर्व्हर सगळ्यांना दिसतो पण शेजाऱ्याचा लॅपटॉप दिसत नाही. काही स्वस्त राउटर मात्र या सेटिंगने केबलकडची वाटही अडवतात. ते आदल्या दिवशीच तपासायचं.

सगळ्यात फसवं प्रकरण घड्याळाचं. इंटरनेट नाही म्हणजे सर्व्हरची वेळ आपोआप जुळत नाही. ऑथेंटिकेटरचा (लॉगिनसाठी कोड देणाऱ्या ॲपचा) कोड वेळेवरून ठरतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो, त्यामुळे सर्व्हर दोन मिनिटं मागे असला तर बरोबर कोडही नाकारला जातो आणि पोरं आपलंच चुकलं म्हणून तासभर शोधत बसतात. सकाळी हाताने वेळ लावली की प्रश्न मिटतो.

वीजही मोजूनच घ्यावी लागते. 65 वॅटचे 40 ॲडॉप्टर म्हणजे 2600 वॅट, 230 व्होल्टला सुमारे 11 अँपिअर. 6 अँपिअरच्या एका सॉकेटवर बोर्डाला बोर्ड जोडत गेलात तर वायर तापते.

आता मोठी नावं. बी-साइड्स ही परिषद 2009 मध्ये लास वेगासला सुरू झाली तीच मोठ्या परिषदेत नाकारलेल्या विषयांना जागा द्यायला. आपल्याकडे समोर पतसंस्थेतले कारकून आणि मार्केट यार्डातले हिशेबनीस बसतात. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) एसएमएस वाचायची परवानगी का मागते, ओटीपी कसा निसटतो, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन का करायचा (पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकत राहतात म्हणून), हे मराठीत, फोन हातात घेऊन दाखवणारा माणूस त्यांच्या उपयोगाचा. तो इस्लामपूरचा (आताच्या ईश्वरपूरचा) असला म्हणून काय बिघडलं?

पुढच्या वेळी जरूर या, फक्त ऑफिसचा लॅपटॉप आणू नका. त्यावर ॲडमिनचे अधिकार नसतात, अँटिव्हायरस लॅबची साधनं उडवतो, आणि तुमच्या आयटी विभागाला नाहक इशारे जातात. घरचा आणा, आणि व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक) चालवणार असाल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन आधीच चालू करून ठेवा.